सेतूचा कैवार आणि कालव्याचा हिशेब

कोणताही सार्वजनिक प्रश्न नासवावयाचा असेल, तर त्याचा एक खात्रीचा उपाय आहे. मूळ प्रश्न बाजूस सारावयाचा आणि त्याच्या जागीं दुसराच एक असा प्रश्न उभा करावयाचा, कीं ज्याचें उत्तर कोणासच देतां येऊं नये, परंतु ज्यावर भांडण मात्र सर्वांस करतां यावें. रामेश्वराजवळच्या समुद्रांतून जहाजांसाठीं कालवा खणण्याची जी सेतुसमुद्रम् नांवाची योजना आहे, तिच्या वाट्याला नेमकें हेंच आलें. मूळ प्रश्न साधा होता. समुद्राचा तळ उपसून जो मार्ग करावयाचा, तो कोणाच्या उपयोगाचा, किती उपयोगाचा, आणि त्यापायीं जें नष्ट होणार तें पुन्हां मिळण्याजोगें आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें होतें. त्याऐवजीं देशांत वाद माजला तो राम होऊन गेला कीं नाहीं ह्या विषयावर! हा वाद दोन्ही पक्षांना सोयीचा होता. कारण त्यामुळें एकास हिशेब दाखवावा लागला नाहीं आणि दुसऱ्यास समुद्राकडे पाहावें लागलें नाहीं. आमचें म्हणणें असें आहे, कीं कालवा सेतूंतून जाऊं नये हा निकाल बरोबर आहे. पण ज्या कारणांसाठीं तो मागितला जातो, तीं कारणें अपुरीं आहेत, आणि अपुऱ्या कारणांवर उभा असलेला बरोबर निकाल फार दिवस टिकत नसतो.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. रामेश्वर बेटाच्या टोकाला धनुष्कोडी आहे आणि पलीकडे लंकेच्या मन्नार बेटावर तलैमन्नार आहे. ह्या दोहोंच्या मध्यें उथळ वाळवंटांची व लहान लहान बेटांची जी रांग पसरली आहे, तिला आपण रामसेतु म्हणतों. युरोपीय नकाशांत ती ‘ॲडम्स ब्रिज’ ह्या नांवानें दाखल झाली. उपग्रहावरून सोडलेल्या लेसर किरणांच्या मोजणीच्या आधारें इस्रोच्या शास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं तिचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यावरून तिची लांबी सुमारें २९ किलोमीटर भरते, आणि तिचा शेंकडा ९९.९८ इतका भाग उथळ पाण्याखालीं आहे. ह्या रांगेमुळें मोठ्या जहाजांस मन्नारच्या आखातांतून उत्तरेस पाल्कच्या उपसागरांत जातां येत नाहीं. तूत्तुकुडीहून चेन्नईस निघालेल्या जहाजाला लंकेला वळसा घालावा लागतो. हा वळसा चुकवावा ही कल्पना आजची नव्हे. १८६० सालीं टेलर नांवाच्या एका नौदल-अधिकाऱ्यानें ती मांडली. स्वातंत्र्यानंतर १९५५-५६ मध्यें रामस्वामी मुदलियार समितीनें तिचा विचार केला. १९६७ सालीं अण्णादुरै ह्यांच्या पक्षानें तिच्यासाठीं तमिळ प्रांतांत चळवळीचा दिवस पाळला. वाजपेयी ह्यांच्या कारकीर्दींतही तिच्या अभ्यासाचें काम पुढें सरकलें. आणि २ जुलै २००५ रोजीं पंतप्रधान मनमोहनसिंग ह्यांच्या हस्तें मदुरै येथें तिचें उद्घाटन झालें. तेव्हां ही योजना म्हणजे धर्मद्वेष्ट्यांनीं रचलेला कट होय, असें जें कित्येक सांगतात, तें खरें नाहीं. तिच्यामागें तमिळनाडूच्या दक्षिणेकडील जिल्ह्यांची फार दिवसांची आशा होती. आशा खरी होती. हिशेब खरा होता कीं नाहीं, तें पुढें पाहूं.

उद्घाटनानंतर दोन वर्षांनीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि ऑगस्ट २००७ च्या अखेरीस, सेतूस कोणत्याही प्रकारें इजा करूं नये असा अंतरिम हुकूम झाला. सप्टेंबरांत केंद्र सरकारच्या वतीनें पुरातत्त्व खात्याचें प्रतिज्ञापत्र दाखल झालें. रामायणांतील व्यक्ति व घटना निर्विवादपणें सिद्ध करील असा ऐतिहासिक पुरावा नाहीं, असा त्यांतील आशय होता. देशभर गदारोळ उठतांच दोन दिवसांत तें मागें घेण्यांत आलें, आणि खात्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. त्याच सुमारास तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधि ह्यांनीं राम कोणत्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकला होता, असा उपहासाचा प्रश्न केला. पुढील वर्षीं, जुलै २००८ मध्यें, त्याच सरकारच्या वकिलांनीं त्याच न्यायालयांत कंबरामायणाचा हवाला देऊन सांगितलें, कीं लंकेहून परततांना रामानें स्वतःच सेतु मोडला होता. म्हणजे एका वर्षीं जो राम पुराव्याच्या अभावीं रद्द ठरला, तोच दुसऱ्या वर्षीं सरकारच्या बाजूचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यांत उभा केला गेला! ज्याच्या अस्तित्वाला पुरावा नाहीं, त्यानें केलेल्या मोडतोडीला मात्र काव्याचा पुरावा चालतो, हें तर्कशास्त्र कोणत्या गुरूकडून शिकावयाचें, तें सरकारनेंच सांगावें.

आम्हांस येथें रामाच्या ऐतिहासिकतेची चर्चा करावयाची नाहीं, आणि सरकारनेंही ती करावयास नको होती. सरकारपुढें प्रश्न होता तो एका जागेचा. कोट्यवधि माणसें ज्या जागेला पवित्र मानतात ती जागा फोडावयाची असेल, तर फोडणाराच्या अंगावर एक जबाबदारी येते: फोडण्यावांचून गत्यंतर नाहीं हें त्यानें सिद्ध करावें. त्या जागेचें पावित्र्य खरें आहे हें भाविकानें सिद्ध करावें, अशी उलटी जबाबदारी भाविकावर टाकतां येत नाहीं. एखाद्याच्या अंगणांतील तुळशीवृंदावन रस्त्यासाठीं पाडावयाचें असल्यास सरकार रस्त्याची गरज दाखवील. वृंदा नांवाची स्त्री होऊन गेली होती काय, ह्याची चौकशी करीत बसणार नाहीं. प्रतिज्ञापत्रानें ही साधी मर्यादा सोडली आणि कालव्याची बाजूही त्याच दिवशीं घालविली. कारण त्या दिवसापासून कालव्याच्या खर्चाविषयीं बोलणारा मनुष्य कोणाच्या कानींच पडेनासा झाला.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. सेतूच्या कैवाऱ्यांनीं श्रद्धेचें रक्षण श्रद्धेच्या बळावर केलें असतें, तर त्यांच्याशीं आमचा कांहीं वाद नव्हता. पण त्यांनीं उपग्रहाचें चित्र हातीं घेतलें. अमेरिकेच्या नासा संस्थेनें घेतलेलीं सेतूचीं छायाचित्रें २००२ च्या सुमारास सर्वत्र फिरूं लागलीं, आणि त्यांवरून हा बांध मनुष्यकृत असल्याचें व लाखों वर्षांपूर्वींचा असल्याचें ‘सिद्ध’ झालें, अशी आवई उठली. वरून घेतलेल्या चित्रावरून त्या रांगेची उत्पत्ति किंवा वय ठरत नाहीं, असें त्या संस्थेला स्वतःच सांगावें लागलें. डिसेंबर २०२२ मध्यें केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह ह्यांनीं राज्यसभेंत जें उत्तर दिलें, त्यांतही बेटांची व चुनखडीच्या उथळांची रांग चित्रांत दिसते, परंतु ती पुलाचे अवशेष आहे असें नेमकेपणानें म्हणतां येत नाहीं, असेंच सांगितलें गेलें. आणि हें सरकार सेतूच्या बाजूचें म्हणून ओळखलें जाणारें! पंधरा वर्षांपूर्वीं दुसऱ्यानें याहून फारसें वेगळें न बोलतां पाप केलें होतें. ह्यानें तें बोलून मात्र सावधगिरी दाखविली, असा न्याय झाला.

परंतु आमचा खरा आक्षेप ह्याहून खोल आहे. सेतु मनुष्यकृत असेल तरच पवित्र, हा नियम ह्या मंडळींनीं कोठून आणला? आपल्या परंपरेंत तर नेमकें उलट आहे. आपल्या देव्हाऱ्यांतील पंचायतन पाहा: नर्मदेच्या प्रवाहांत घासून गोल झालेला बाण, गंडकीच्या पात्रांत सांपडलेला शाळिग्राम, शोण नदींतला तांबडा दगड. ह्यांतील एकालाही शिल्पकाराचा हात लागलेला नाहीं, आणि तो लागलेला नाहीं म्हणूनच त्यांना प्राणप्रतिष्ठेची गरज नाहीं असें शास्त्र सांगतें. आपल्या अष्टविनायकांच्या मूर्ति स्वयंभू म्हणूनच श्रेष्ठ मानल्या जातात. शाळिग्राम हा कोट्यवधि वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या एका सागरी प्राण्याच्या शंखाचा अश्मीभूत अवशेष आहे, असें भूशास्त्र सांगतें. तें ऐकून कोणत्या घरांतला शाळिग्राम देव्हाऱ्याबाहेर गेला? ज्या धर्मानें नदीच्या दगडांत देव पाहिला, त्याच्या अनुयायांनीं समुद्राच्या वाळूंत देव दिसण्यासाठीं गवंड्याची पावती मागावी, हें श्रद्धेचें लक्षण नव्हे. हें श्रद्धा डळमळल्याचें लक्षण होय. आणि उद्यां भूशास्त्राचा निर्णय प्रतिकूल लागला, तर सेतु फोडावयास ह्यांची हरकत नाहीं, असें समजावयाचें काय?

ह्या चुकीच्या आग्रहाला कायद्याचेंही एक कारण आहे, तें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. सेतूला राष्ट्रीय महत्त्वाचें प्राचीन स्मारक ठरवावें, अशी मागणी वर्षानुवर्षें न्यायालयांत चालली आहे. जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें, ह्याविषयींचा निर्णय विचाराधीन आहे, असें तेथें सांगितलें. परंतु प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा मुख्यतः इमारती, लेणीं, शिलालेख, थडगीं अशा वस्तूंसाठीं केलेला आहे. त्याच्या चौकटींत शिरावयाचें तर रचना दाखवावी लागते. रचना दाखवावयाची तर रचणारा दाखवावा लागतो. आणि रचणारा दाखवावयास निघालें कीं पुन्हां तोच २००७ चा चिखल. दरवर्षींच्या वाऱ्या-लाटांनीं हलणारी वाळू ही किल्ल्याच्या तटाप्रमाणें जपतां येत नाहीं. सेतु जपावयाचा तर तो ज्या समुद्रानें घडविला आणि जो समुद्र त्याला रोज घडवीत आहे, तो समुद्र जपला पाहिजे. त्यासाठीं १९७२ चा वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि तो कायदा कोणालाही रामाचा दाखला मागत नाहीं.

मग सेतूचा वारसा म्हणजे काय? तो वारसा स्मृतीचा आहे, आणि स्मृति हीदेखील वस्तुस्थितीच होय. वाल्मीकीच्या युद्धकांडांत नलानें वानरांकरवीं पांच दिवसांत सेतु बांधल्याचें वर्णन आहे. पांचव्या शतकांत वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन ह्यानें ‘सेतुबंध’ काव्य लिहिलें, तें आपल्या मराठीची पूर्वज जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यांत. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचें नगरधन. समुद्रापासून शेंकडों मैल दूर, विदर्भाच्या मातींत, एका राजाला ह्या सेतूवर महाकाव्य रचावेंसें वाटलें, ही ऐतिहासिक गोष्ट आहे. तिच्यासाठीं उपग्रह लागत नाहीं. काशीची गंगा रामेश्वराला नेऊन वाहावयाची आणि सेतूची वाळू प्रयागच्या संगमांत सोडावयाची, ह्या यात्रेनें कित्येक शतकें उत्तर-दक्षिण जोडली, हीही ऐतिहासिक गोष्ट आहे. गंमत अशी, कीं ज्या संस्थेनें कालव्याच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार करून योजनेला अनुकूल अभिप्राय दिला, ती राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था नागपुरासच आहे. रामटेक तेथून एका सकाळच्या वाटेवर! विदर्भानें सेतूला काव्य दिलें आणि विदर्भांतूनच त्याला छेद देणारा कागदही गेला.

त्या कागदांतल्या योजनेचाच आतां हिशेब घेऊं. कालव्याची एकंदर लांबी सुमारें १६७ किलोमीटर. त्यांपैकीं सेतूच्या जागीं आणि पाल्कच्या सामुद्रधुनींत मिळून सुमारें ८९ किलोमीटर तळ उपसावयाचा. उपसावयाचा गाळ ८ कोटी २५ लक्ष घनमीटर. खोली १२ मीटर. आणि २००५ सालचा अंदाजी खर्च २,४२७ कोटी रुपये. त्याबद्दल जहाजांचें जास्तींत जास्त ४२४ सागरी मैलांचें अंतर आणि ३० तास वांचतील, असें सांगण्यांत आलें. ‘जास्तींत जास्त’ ह्या दोन शब्दांत सगळी मेख आहे. एवढी बचत होते ती तूत्तुकुडीहून चेन्नईकडे जाणाऱ्या किनारी जहाजाची. युरोपांतून किंवा आफ्रिकेंतून कोलकत्त्यास जाणारें जहाज लंकेच्या दक्षिणेकडून जवळजवळ सरळच जातें. त्याला कालव्यांत आणावयाचें म्हणजे आधीं उत्तरेस वळवावयाचें, मग वाटाड्या घेऊन मंद गतीनें चालवावयाचें, आणि वर कालव्याचें शुल्क घ्यावयाचें. जेकब जॉन ह्या अर्थशास्त्रज्ञानें २००७ सालीं हें गणित मांडून दाखविलें: अशा जहाजांचा वेळ सांगितला जातो त्याच्या अल्पांशानें वांचेल, आणि योजनेंतील दरानें शुल्क भरल्यास त्यांना प्रत्येक फेरीस नफा होण्याऐवजीं तोटाच होईल. ज्या वाटेनें गेल्यास खोट येते त्या वाटेनें कोणता जहाजमालक जाईल? भक्ति म्हणून कोणी जहाज हांकीत नाहीं.

सुवेझचें उदाहरण ह्या वादांत वारंवार दिलें जातें. १८६९ सालीं खुल्या झालेल्या त्या कालव्यानें मुंबई-लंडनचें अंतर सुमारें चार दशांशांनीं कमी केलें, कारण त्यानें एक अखंड खंड टाळला. येथें टाळावयाचें आहे तें एक बेट. सुवेझमधून आज २० मीटर बूड असलेलीं जहाजें जातात. येथल्या १२ मीटरांच्या खोलींत सुमारें ३० हजार टनांपलीकडचें जहाज शिरणार नाहीं. आणि जगाचा व्यापार तर अधिकाधिक मोठ्या जहाजांकडे झुकत आहे. केरळांत विळिंजम् येथें निसर्गतःच खोल पाणी असलेलें बंदर २ मे २०२५ रोजीं राष्ट्राला अर्पण झालें. आंतरराष्ट्रीय जलमार्ग तेथून हांकेच्या अंतरावर आहे. जीं महाकाय जहाजें तेथें लागतात, त्यांना सेतुसमुद्राच्या कालव्याचें दारही दिसावयाचें नाहीं. शिवाय एकदां खणला म्हणजे कालवा झाला, असें समुद्रांत होत नाहीं. पाल्कचा उपसागर हा गाळ सांचण्याची जागा आहे. वादळें येतात आणि उपसलेलें पुन्हां भरतें. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्रींच्या वादळानें सबंध धनुष्कोडी गांव आणि तेथें येणारी आगगाडी प्रवाशांसह गिळली, त्याच समुद्राची ही गोष्ट आहे. भूशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन् ह्यांनीं ही धोक्याची सूचना २००५ सालींच दिली होती. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असें आपल्यांत म्हणतात. येथें मसाला दरवर्षीं नव्यानें विकत घ्यावयाचा होता.

हें केवळ विरोधकांचें मत नव्हे. न्यायालयांत वाद उभा राहिल्यावर सरकारनेंच २००८ सालीं डॉ. पचौरी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. सेतु टाळून धनुष्कोडीजवळून जाणाऱ्या दुसऱ्या मार्गाचा विचार करून, तो मार्ग आर्थिक दृष्टीनें आणि निसर्गाच्या दृष्टीनेंही हितावह नाहीं, असा निर्वाळा तिनें दिला. २०१३ सालीं सरकारनें न्यायालयांत सांगितलें, कीं समितीचा अहवाल आम्हांस मान्य नाहीं. आम्ही मूळच्याच, सेतूंतून जाणाऱ्या मार्गानें जाणार! स्वतः वैद्य बोलवावयाचा, आणि त्यानें सांगितलेलें पथ्य पसंत पडलें नाहीं म्हणून पूर्वींचेंच अपथ्य चालू ठेवावयाचें, असा हा प्रकार. तोंवर उपशाचें काम २००९ मध्येंच थांबलें होतें, आणि ७६६ कोटी रुपये समुद्रांत गेले होते. सेतु अजून शाबूत आहे, तूत्तुकुडीला कालवा मिळालेला नाहीं, आणि पैसा मात्र गेला आहे: आजवरच्या ह्या सगळ्या भांडणाचें एवढेंच निष्पन्न आहे.

आतां ज्याच्याविषयीं दोन्ही पक्ष गप्प राहिले त्या समुद्राकडे या. रामेश्वरापासून तूत्तुकुडीपर्यंत मन्नारच्या आखातांत २१ बेटांची माळ आहे. १९८६ सालीं तेथें सागरी राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९८९ सालीं सुमारें १०,५०० चौरस किलोमीटरांचें जीवावरण-राखीव क्षेत्र जाहीर झालें. पूर्वीं चुन्यासाठीं प्रवाळ खणून नेल्यामुळें त्यांतील दोन बेटें आज पाण्याखालीं आहेत. समुद्राचा तळ खरवडल्यास काय होतें, ह्याचा धडा तेथें लिहून ठेवलेलाच आहे. ह्या उथळ पाण्यांत सागरी गवताचीं कुरणें आहेत आणि त्यांवर समुद्रगाय चरते. गाळ उपसतांना पाणी गढूळ होतें. गढूळ पाण्यांतून ऊन तळापर्यंत पोंचत नाहीं. ऊन नाहीं म्हणजे गवत नाहीं, प्रवाळ नाहीं. आणि तीं नाहींत म्हणजे मासळीच्या पिलांना थारा नाहीं. मग कोळ्याच्या जाळ्यांत काय येणार? त्या किनाऱ्यावरचे कोळी आधींच दोन देशांच्या सरहद्दींत सांपडले आहेत. जाळें जरा पलीकडे गेलें कीं लंकेचें आरमार धरून नेतें. उरलेल्या पाण्याच्या मधोमध जहाजांचा रस्ता काढला, तर त्यांनीं जावें कोठें? त्यांनीं २००४-०५ च्या जनसुनावण्यांत विरोध केला, पण तो विरोध वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर कधीं आला नाहीं. कारण कोळ्याच्या पोटापेक्षां रामाचें अस्तित्व हा विषय अधिक खपतो. सप्टेंबर २०२२ मध्यें तमिळनाडू सरकारनें पाल्कच्या उपसागरांत ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र समुद्रगाईसाठीं राखून ठेवलें. आणि चारच महिन्यांनीं, जानेवारी २०२३ मध्यें, त्याच राज्याच्या विधानसभेनें कालवा त्वरित पुरा करावा असा ठराव केला! एका हातानें गाईला चारा घालावयाचा आणि दुसऱ्या हातानें तिच्या कुरणांत नांगर फिरवावयाचा, ह्यालाच लोककल्याण म्हणत असतील तर प्रश्नच मिटला.

सेतूच्या कैवाऱ्यांनीं तरी हा विषय हातीं धरावयाचा होता. रामायण ज्यांच्या तोंडीं आहे त्यांना तर हें सहज सुचावयास हवें होतें. समुद्रापाशीं आल्यावर रामानें आधीं तीन रात्रीं त्याची प्रार्थना केली, हें युद्धकांडांतच आहे. तो उत्तर देईना तेव्हां रामानें धनुष्य उचललें, जलचर व्याकुळ झाले, आणि समुद्रानें प्रकट होऊन आपला स्वभाव सांगितला. मग त्याच्याच सल्ल्यानें सेतु झाला. ह्या कथेंत समुद्र हा नुसता पाण्याचा सांठा नाहीं. त्याला स्वभाव आहे आणि त्याचें ऐकून घ्यावें लागतें. पण आमच्या धर्माभिमान्यांना सेतूचे दगड तेवढे दिसले; ज्या समुद्राला रामानें विचारलें, त्याला विचारण्याचें त्यांस सुचलें नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो विचारी माणसाचा असेल. तो म्हणेल, कीं ह्या देशांत प्रत्येक टेकडीला एक कथा आहे आणि प्रत्येक डोहांत एक देव आहे. प्रत्येक ठिकाणीं हात जोडून थांबावयाचें ठरविलें, तर धरण, रस्ता, बंदर कांहींच होणार नाहीं. आक्षेप खरा आहे. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण झालें तेव्हां नागार्जुनकोंड्याचें प्राचीन बौद्ध क्षेत्र पाण्याखालीं जाणार होतें. आधीं उत्खनन केलें, मुख्य अवशेष उचलून टेकडीवर नेले, आणि मग पाणी सोडलें. नाईलवर आस्वानचें धरण झालें तेव्हां अबू सिंबेलचीं मंदिरें कापून उंचावर बसविलीं. ह्या दोन्ही ठिकाणीं वारशाला झीज सोसावी लागली, आणि ती सोसणें योग्य होतें. कारण लाभ मोठा होता, पुष्कळांचा होता, आणि वारसा हलवितां येण्याजोगा होता. तेव्हां कसोटी हीच लावावी: लाभ खरा आणि पुष्कळांचा आहे काय, दुसरी वाट शोधून झाली आहे काय, आणि जें जाणार तें दुसरीकडे राखतां येईल काय? ह्या कसोटीवर पुष्कळ धरणें, पुष्कळ रस्ते उतरतील आणि तेथें कोणी देवाच्या नांवानें आडवें पडूं नये. सेतुसमुद्राचा कालवा मात्र तिन्ही प्रश्नांना नापास होतो. लाभ थोडा व थोड्यांचा, वाट लंकेच्या दक्षिणेनें उघडीच आहे, आणि २९ किलोमीटरांची वाळू उचलून टेकडीवर नेतां येत नाहीं.

एकनाथांची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. काशीहून आणलेल्या गंगेची कावड रामेश्वराला नेत असतां वाटेंत वाळवंटावर तहानेनें तडफडणारें गाढव त्यांना दिसलें, आणि त्यांनीं तें पाणी त्याच्या तोंडांत ओतलें. कालव्याचे पुरस्कर्ते ही गोष्ट आमच्या तोंडावर फेकूं शकतील: जिवंत प्राण्याच्या गरजेपुढें रामेश्वराचा अभिषेकही बाजूला ठेवावा, असें तुमचाच संत सांगतो! आम्हांस तें मान्य आहे. परंतु मग हेंही सांगा, कीं येथें तहानलेला कोण आहे? जो जहाजमालक कालव्यानें गेला तर तोट्यांत येतो, तो तहानलेला नाहीं. ज्याचें जाळें रिकामें राहणार तो रामेश्वरचा कोळी, आणि जिचें कुरण गाळाखालीं जाणार ती मुकी समुद्रगाय, हे तहानलेले आहेत. नाथांच्या न्यायानें पाहिलें तरी निकाल कालव्याच्या विरुद्धच लागतो. आणि त्याच न्यायानें, सेतूच्या नांवानें घोषणा देऊन कोळ्याकडे पाठ फिरविणाऱ्यांची कावडही रामेश्वराला पोंचत नाहीं.

मार्च २०१८ मध्यें केंद्र सरकारनें न्यायालयांत सांगितलें, कीं सेतूला धक्का न लावतां दुसरा मार्ग शोधूं. म्हणजे कालव्याची योजना रद्द नाहीं. ती लोंबकळत ठेवली आहे. एकीकडे ठराव, दुसरीकडे विचाराधीन असल्याचें उत्तर, आणि निवडणुकीच्या तोंडावर दोहोंचा उपयोग! हें थांबवावयाचें असेल तर सरकारनें तीन गोष्टी कराव्यात. समुद्र उपसून कालवा काढण्याची योजना, सेतूंतून असो वा धनुष्कोडीजवळून असो, तिच्या स्वतःच्या हिशेबावर नापास झाल्याचें कागदावर लिहून ती रीतसर रद्द करावी. सेतूसह सबंध उथळ समुद्राला सागरी राखीव क्षेत्राचें संरक्षण द्यावें, आणि त्यांत किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा परंपरागत मासेमारीचा हक्क शब्दशः नमूद करावा. आणि कालव्यासाठीं म्हणून ज्या पैशाची तयारी होती, तो तूत्तुकुडीच्या बंदराला आणि तेथल्या लोहमार्गाला द्यावा. कारण दक्षिण तमिळनाडूची आशा खोटी नव्हती, तिला दिलेलें औषध खोटें होतें. ह्या तिहींपैकीं एकाही गोष्टीसाठीं रामाला न्यायालयांत बोलाविण्याची गरज नाहीं. त्याला दोन्ही पक्षांनीं आतां तेथून मोकळें करावें.